गुडघ्याचं दुखणं

आमच्या सोसायटीत बायकांचा मंगळागौरीचा गट आहे. श्रावणात घणसोलीतल्या सोसायट्यांच्या स्पर्धा असतात, त्यामुळे तालमी बऱ्याच आधीपासून क्लबहाउसमध्ये सुरू होतात. पिंगा, झिम्मा कुणालाही जमतो, पण बसफुगडी आणि कोंबडा घालायला मांड्यांत दम लागतो. तो दम माझ्यात आहे, असं मीच सगळ्यांना सांगत असे. रोज योगासनं, जमेल तेव्हा जिम. आपल्याला आपलं शरीर कळतं, याचा मला भारी तोरा होता.

या तोऱ्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो आईला. बाबा गेल्यावर ती वाशीचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा सत्तरी ओलांडली होती. मी तिला खाडीकडच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला न्यायचे. ती थोडं चालून बाकावर बसायची आणि गुडघा दुखतो म्हणायची. निघताना पाणी दिलं तर नको म्हणायची, त्यावरूनही माझं व्याख्यान. शेवटी मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला आणि वयाच्या मानाने गुडघे उत्तम आहेत म्हणून सांगितलं. परतताना रिक्षात मी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. तुला नुसता कंटाळा आहे, आई. जरा शरीराचं ऐकायला शीक." ती बाहेर बघत राहिली. तो डायलॉग मी योगाच्या वर्गातून आणला होता.

यंदा तालीम सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात कोंबडा घालताना मला काहीतरी ओलं लागलं. घाम असेल म्हणून मी आणखी उडी मारली आणि मग कळलं. मला लघवी झाली होती. थोडीशीच, पण सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला, भर क्लबहाउसमध्ये, टाळ्या वाजवणाऱ्या मैत्रिणींच्या गोलात. लेगिंग काळी होती म्हणून निभावलं. मी फोन आल्याचं नाटक करून घरी पळाले आणि कामवाली यायच्या आत लेगिंग धुऊन आतल्या बाथरूममध्ये वाळत घातली. बारा वर्षांच्या पोरीसारखी रडले. मला स्वतःची अक्षरशः किळस आली होती.

मग चहा बंद केला. दुपारनंतर पाण्याला शिवायचं नाही असं ठरवलं. तरी व्हायचंच. उडी मारली की व्हायचं, शिंक आली की व्हायचं, आणि हसले की तर हमखास. मग मी हसणंही आवरतं घेतलं. आमची गटप्रमुख मूळची घणसोली गावातली, सगळ्यांवर आईसारखी डाफरणारी. ती एकदा म्हणाली, "पानी पी ना गो, तोंड सुकलंय तुझं." मी बाटली तोंडाला लावली आणि घोट न घेताच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून नी-कॅप आणली. गुडघा दुखतो म्हटलं की पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला कुणी पुढचं काही विचारत नाही. सगळ्यांनी हळहळ केली, मला खुर्ची दिली आणि गाणी म्हणायला बसवलं. माझ्या जागी दुसरी आली. तिचा कोंबडा अगदीच सुमार होता, आणि मी टाळ्या वाजवत तो बघत होते.

घरात मात्र चोराच्या मनात चांदणं. मी नी-कॅप झोपेपर्यंत काढत नसे. एका संध्याकाळी माळ्यावरचा डबा हवा होता, म्हणून सवयीने स्टुलावर चढले, डबा काढला आणि टुणकन खाली उतरले. आई ओट्याशी भाजी निवडत होती. तिने नी-कॅपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घरात आम्ही दोघीच होतो, तरी तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"उडी मारली की होतं ना?" तिने विचारलं.

मी हातातला डबा उगाच पुसायला घेतला.

"माझाही गुडघा कधी दुखला नव्हता गं," ती म्हणाली. "तू झालीस तेव्हापासून आहे हे."

आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. मला ते बाक आठवले. ट्रॅकवरचं स्वच्छतागृह पार दुसऱ्या टोकाला आहे हेही आठवलं. मी तिला हात धरून ओढत न्यायचे आणि ती मांड्या आवळून चालायची. आणि त्या रिक्षात मी तिला शरीराचं ऐकायला सांगितलं होतं. आयुष्यभर ती दुसरं काय करत आली होती? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने निवडलेल्या भाजीची चाळण माझ्या हातात दिली आणि धुऊन आण म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी बायकांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, हे पुष्कळ जणींना होतं आणि व्यायामाने बरंच सुधारतं, अगदी आईंच्या वयातही. पण आधी नेमका स्नायू ओळखता यायला हवा. ओटीपोटाच्या अगदी तळाचा. मी टेबलावर आडवी होऊन पोट आत घेतलं, मांड्या आवळल्या, श्वास धरला. हे नाही, त्या म्हणत राहिल्या. मला तो सापडेचना. आईला पहिल्याच खेपेला सापडला. इतकी वर्षं ती त्याच्याच भरवशावर घराबाहेर पडत होती.

घरी आल्यावर मी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, ओठ सुकले होते तिचे. तिने ग्लास उचलला आणि ओठांपाशी नेऊन थांबली.

"आता परत कुठं बाहेर जायचंय का?" तिने विचारलं.

नाही म्हटल्यावर तिने तो एका दमात संपवला आणि आणखी मागितलं.