जयश्रीला दोन चार्ज मिळतात

मी जयश्रीचं सांगायला बसले की लोक म्हणतात, रविना मैत्रिणीची बाजू घेते. घेते तर घेते! तुम्हीच ऐका आणि सांगा.

डहाणू-तलासरीकडचे बिघडलेले हातपंप दुरुस्त करायचे, हे आमच्या संस्थेचं काम. मी दारातल्या टेबलावर बसून हजेरी घेते. जयश्री गंजाड विभागाची सुपरवायझर. ती तिकडच्याच पाड्यावरची, हंडे वाहत वाढलेली. पंप बंद पडला की पाड्यावरून फोन करायचा. तक्रार आपोआप कॉम्प्युटरवर चढते आणि तिला नंबर पडतो. नंबराशिवाय स्टोअरमधून साधा वॉशरसुद्धा निघत नाही. पूर्वी सुपरवायझर एकमेकींच्या विभागात डोकावून भांडायच्या, म्हणून ठाण्याच्या ऑफिसने अशी सोय केली की जिचा विभाग तिलाच त्यातली गावं दिसतील. जिने तिने आपल्या ताटात बघावं. इथवर ठीक होतं.

मग तलासरीची सुपरवायझर वापीला कंपनीत लागली. आमचे अमृत सर म्हणजे जादा चार्ज वाटण्यात कर्णाचा अवतार. "जयश्री, आजपासून तलासरीही तुझीच!" पगार तोच हां. वर पेढेही तिनेच आणले.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी कॉम्प्युटरवर तक्रारींचा रिपोर्ट उघडला तर स्क्रीन कोरा. गंजाड नाही, तलासरी नाही. ठाण्याला फोन लावला. तिथे कॉम्प्युटरचं बघणारा नविन अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या नावावर आता दोन रोल आहेत, प्रत्येक विभागाचा एक. सिस्टीम दोन्हींच्या अटी एकदम लावते. जे गाव गंजाडातही आहे आणि तलासरीतही आहे, तेवढंच तुम्हाला दिसणार."

"असं गाव असतं का कुठे, भाऊ?"

"नसतं ना. म्हणून तर दिसत नाही."

ऐकलंत? दोन घरचा पाहुणा उपाशी, तो हा असा. दोन्ही विभागांचा मिळून एकच रोल करता येतो, असं नविन म्हणाला, पण त्याला सरांची मंजुरी हवी. सर म्हणाले, "अशी पोस्टच नाही आपल्याकडे." झालं, विषय संपला.

महिन्याच्या मीटिंगला प्रत्येकीचा रिपोर्ट भिंतीवर दाखवतात. जयश्रीचा लावला. शिल्लक तक्रारी शून्य. टाळ्या! शाल आणि नारळ! ती बिचारी घसा फोडून सांगत होती, "सर, ते शून्य खोटं आहे," आणि सर सगळ्यांना म्हणत होते, "मुलीचा विनय बघा."

त्याच सुमाराला तिच्या आईच्या पाड्यावरचा पंप बंद पडला. बुधीबाई, म्हणजे तिची आई, या वयात ओढ्यात खड्डा खणून वाटीवाटीने हंडा भरायला लागली. फोनवर तक्रार केली, वाट पाहिली, आणि एका दुपारी थेट ऑफिसात आली. खुर्चीवर ती शाल पडलेली होती.

"मोठी झालीस म्हणतात ना गो? मग तुझ्या आयला पाणी का नाय?"

जयश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. मेकॅनिक धनेश दारातच उभा होता. म्हणाला, "ताई, आत्ता निघतो. फक्त नंबर द्या." नंबर कुठून देणार, कपाळ?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांब, माझ्या लॉगिनवर बघू. माझ्याकडे कसला रोल असणार? रिपोर्ट उघडला आणि अगं बाई, अख्खे दोन तालुके समोर! गंजाड, तलासरी, बोर्डी, सगळं. जिला काही नेमूनच दिलेलं नाही, तिला अट कुठली लागणार? पान्हा कुठून धरतात हे मला ठाऊक नाही आणि सगळे पंप मला दिसतात! बुधीबाईच्या पाड्याची तक्रार सापडली, तिच्याखाली इतर पाड्यांची रांग होती. धनेश नंबर घेऊन पळाला. संध्याकाळी पंपाला पाणी आलं.

पण दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करताना सापडलो तर दोघींची नोकरी जाणार. जयश्री तडक सरांसमोर उभी राहिली. "सर, माझे दोन्ही चार्ज काढा." सरांना वाटलं, पगारासाठी रुसली. त्यांनी रागाच्या भरात दोन्ही काढले. दुसऱ्या दिवसापासून ती ऑफिसात कुणीच नव्हती, आणि तिला सगळं दिसत होतं. माझ्या बाजूला स्टूल टाकून ती एकेक नंबर धनेशला देत बसली. पंप चालू होत गेले. कुणाच्या हुकमाने, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या मीटिंगला बुधीबाई पाड्यावरच्या बायकांना घेऊन आली, टोपलीभर करवंदं घेऊन. सरांचा ऊर भरून आला. राग कुठल्या कुठे पळाला. नव्या शालीची घडी मोडत ते म्हणाले, "आजपासून जयश्रीला गंजाड, तलासरी आणि बोर्डी, तिन्ही चार्ज!"

टाळ्या सुरू झाल्या. जयश्री शालीखालून निसटली आणि तिने हात जोडले.

"सर, पाया पडते तुमच्या. मला काही बनवू नका. आता कुठे आईला पाणी मिळतंय."