इंदूरच्या दोन खोल्या

सौंसरच्या आमच्या शाळेत आम्ही चार शिक्षिका. परीक्षा आटोपल्या की इंदूरला जायचं ठरलं होतं, घरच्या कुणालाही न घेता. मधल्या सुट्टीत डबे उघडले की दुसरा विषय नसायचा. तिथल्या कापडाच्या मिल कधीच्याच बंद पडल्या, पण शहर म्हणे पहाटे पोह्यांनी सुरू होतं आणि अर्ध्या रात्रीपर्यंत खातच असतं. बसने पांढुर्णा, तिथून रेल्वे, सगळं ठरून राहिलं होतं.

खोल्या बघायचं काम माझ्या मैत्रिणीकडे होतं. ती गणित शिकवते. ती धरून बाकी तिघी संत्र्याच्या बागा असलेल्या शेतकरी घरांतल्या. आमचं घर बौद्ध. आमच्यात हा विषय कधी निघाला नव्हता. माझ्या डब्यातली भाजी मैत्रीण न विचारता उचलते.

एका दुपारी तिने मोबाईल पुढे केला. "हे पाय. तीन पलंगांची रूम आमच्या तिघींले, अन् बाजूची तुले एकटीले. तू वाचत बसतं ना, लाइटची कटकट नाही."

प्रवासात मी पुस्तक नेत नाही, हे तिला माहीत होतं.

"दोघी-दोघींच्या दोन घेऊ ना," मी म्हटलं.

वयाने मोठ्या असलेल्या मॅडम डब्याचं झाकण घट्ट करत राहिल्या. चौथी, नवीन लागलेली, खिडकीबाहेर पाहू लागली. तेव्हा मला समजलं, वेगळी खोली माझ्या वाचनासाठी नव्हती.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "एकटीले रूम भेटून राहिली तर झोप आरामात. काहून जीव जाळून राहिली?" नंतर त्याने भाकरी अर्धीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मैत्रिणीला बसस्टँडच्या रस्त्यात गाठलं. "मोठ्या मॅडमनं सांगितलं का?"

तिने आधी नाही म्हटलं, मग मान हलवली. "त्या म्हणे, माझं सोवळं असते, मले जमत नाही. भांडण नको म्हणून मी असं जमवलं."

"तू काय म्हणाली त्यायले?"

"मी काही नाही म्हणाली."

मोठ्या मॅडमचा मला तितका राग आला नाही, जितका या वाक्याचा आला. "मग आता म्हण," मी म्हटलं. "ज्यायले जमत नाही, त्यायले वेगळी रूम घेऊ. मी तुम्हा दोघींसोबत राहीन."

पुढचे काही दिवस डब्याच्या वेळी इंदूरचं नाव निघालं नाही. मग एकदा मैत्रिणीने माझ्यासमोरच मोठ्या मॅडमना तसं सांगितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझे गुडघे दुखून राहिले. तुम्ही जाऊन या." नवीन शिक्षिकाही मागे सरली, तिला म्हणे घरून परवानगी नव्हती.

आम्ही दोघीच गेलो. एका खोलीत राहिलो. राजवाडा पाहिला, भुट्ट्याचा कीस खाल्ला. ऑटोतून एका बंद मिलची चिमणी दिसली आणि तिच्याच खाली झगमगती दुकानं. मैत्रीण पुष्कळ हसत होती, जरा जास्तच.

दुसऱ्या संध्याकाळी मी केस विंचरत होते. तिच्या सासूबाईंचा फोन आला. "हो आई, चौघी आहोत," ती म्हणाली. "मी मोठ्या मॅडमच्या रूममध्ये आहे."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी विचारावं, असं तिला वाटत होतं की विचारू नये असं, मला कळलं नाही. मी वेणी घातली. मग आम्ही खाली चहा प्यायला गेलो. चहा येईपर्यंत ती टेबलावरचं पाणी बोटाने पुसत राहिली.

ती अजूनही माझ्या डब्यातली भाजी घेते. आता आधी विचारते.