ओट्यावरचं ऊन

मंडळी, आज हायकोर्टात जिंकलो. जमीन मात्र मिळाली नाही.

सरोजिनी नगरातल्या आमच्या प्लॉटच्या नोंदीतून तहसीलदारसाहेबांनी आमचं नाव न विचारताच खोडलं होतं. कोर्ट म्हणालं, मालक कोण ते आम्ही ठरवणार नाही; पण न ऐकता दिलेला निर्णय रद्द. साहेबांनी आता ऐकून घ्यावं.

"पुन्हा तेच साहेब?" मी विचारलं.

वकील हसले. "भाईसाहब, अब सुनना पड़ेगा."

परतताना बायकोने टॅक्सी प्लॉटकडे वळवली. गवतात डोळे मिटून उभी राहिली. "इथे स्वयंपाकघर. सकाळचं ऊन थेट ओट्यावर." मीही डोळे मिटले, तर चक्क चहाचा वास आला.

"अहो, साहेबांना हेही सांगा हं."

मंडळी, ओट्यावरचं ऊन कुठल्या कलमाखाली मांडायचं?