आत्याचं मत

सकाळी नोएडातल्या आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर कडुनिंबाचा फुलोरा सांडला होता. त्या मधाळ, किंचित कडसर वासानं पावलं थबकली आणि मी थेट दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये जाऊन पोहोचले. निवडणुकीच्या त्या सकाळी.

आमच्याकडे आत्या राहायची, बाबांची धाकटी बहीण. विशीतच तिची दृष्टी गेली होती. एका मंत्रालयात ती टेलिफोन ऑपरेटर होती. शेकडो नंबर आणि त्याहून जास्त आवाज तिला पाठ. बसनं एकटी जायची, एकटी यायची. मतदानाला मात्र दर वेळी बाबा सोबत आत जात आणि ती सांगेल ते बटण दाबत. गंमत अशी, की राजकारणावरून घरात रोज वाजायचं ते नेमकं या दोघांचंच! त्या वर्षी तिला कळलं, की मतदान यंत्रावर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. चहा पिता पिता तिनं जाहीर केलं, "दादा, या वेळी मी एकटी आत जाणार."

बाबांचा चेहरा पडला. "माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

"आहे रे. पण तू बटण दाबलंस की मला नुसता भरवसाच ठेवावा लागतो. मला स्वतः दाबायचंय."

बाबा रुसले, पण आले. माझंही ते पहिलंच मतदान. शाळेतल्या केंद्रावर ही लांब रांग! टेबलामागच्या अधिकाऱ्यानं आत्याची पांढरी काठी पाहिली आणि तो बाबांना म्हणाला, "इनका वोट आप डाल दीजिए."

"साहब, मुझसे बात कीजिए," आत्या म्हणाली. "वोट मेरा है. ब्रेलवाली लिस्ट दे दीजिए, बाकी मैं कर लूँगी."

उमेदवारांची नावं आणि क्रमांक ब्रेलमध्ये असलेली अशी यादी असते हेच त्याच्या गावी नव्हतं. "मॅडम, पीछे लाइन तो देखिए," तो वैतागला. मागे चुळबूळ सुरू झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या मात्र जागची हलली नाही. "आप ढूँढिए. मैं खड़ी हूँ."

आणि तेव्हा, सकाळपासून अबोला धरलेले बाबा एक पाऊल पुढे आले. "जी, ढूँढिए. हम दोनों खड़े हैं."

यादी सापडली, सामानाच्या खोक्याच्या अगदी तळाशी. आत्याची बोटं सावकाश कागदावरून फिरली. मग ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली, एकटी. क्षण, दोन क्षण, आणि लांबलचक बीप! मी भान विसरून टाळ्याच वाजवल्या.

बाहेर आल्यावर बाबांना राहवेना. "कोणाला दिलंस गं?"

"गुप्त मतदान असतं, दादा," म्हणत ती अशी काही खळखळून हसली, की बाबांनाही हसू फुटलं.

आता दोघंही नाहीत. आत्याला आलेली पत्रं आम्ही वाचून दाखवायचो, तिचे अर्ज आम्ही भरायचो. तिचं असं आमच्यापासून लपलेलं काही नव्हतंच. त्या दिवशी तिनं कुठलं बटण दाबलं ते मात्र कोणालाच कधी कळलं नाही. ते तिचं एकटीचं राहिलं.