तिसऱ्या प्रकारचा भ्रंश

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हा शब्द उच्चारल्यावर माझ्या बायकोने विचारले, "सामान्य की उलटा?"

"तसे प्रकार नसतात, आजी."

"आजी नाही, बाई म्हणा. जन्मभर भूगोल शिकवलाय मी. भ्रंशाला प्रकार असतात."

तेव्हा तिचे बरेच काही शाबूत होते. शाळेत ती भ्रंश हातांनी शिकवायची. दोन्ही तळवे तिरपे, एकावर एक टेकवलेले: हे खडक, आणि मधली भेग म्हणजे भ्रंश. जमीन दोन बाजूंना ताणली गेली की वरचा खडक खाली घसरतो, तो सामान्य. दोन्हीकडून दाब आला की वरचा खालच्यावर चढतो, तो उलटा. तिसऱ्यासाठी ती तळवे उभे जुळवायची आणि एक पुढे, एक मागे सरकवायची. "इथं कोणी चढत नाही, कोणी पडत नाही. नुसते एकमेकांच्या शेजारून निघून जातात."

यंदा म्हसळ्याला शाळेने तिचा सत्कार ठेवला. मी नको म्हणत होतो, ती साडी नेसून तयार. प्रमुख पाहुणे रीतीप्रमाणे उशिरा आले आणि शिक्षणाविषयी, म्हणजे स्वतःविषयी, बोलले. शाल झाली, श्रीफळ झाले. वादळाने दिवेआगरची आमची माडांची वाडी आडवी केल्यापासून नारळ विकत आणावा लागतो, म्हणून श्रीफळाला मी नावे ठेवली नाहीत. मग मुख्याध्यापक, तिचाच जुना विद्यार्थी, म्हणाला, "बाई, तो हातांचा धडा होऊन जाऊ द्या."

मला वाटले, आता सगळ्यांसमोर उघडे पडणार.

पहिला प्रकार बिनचूक झाला. दुसराही. तिने तळवे उभे जुळवले आणि ते तसेच राहिले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. सभागृहाला वाटले, बाई नमस्कार करताहेत. सगळे उठले, हात जोडले. पाहुणे तर कमरेत वाकले आणि बाईंच्या नम्रतेवर आणखी थोडे बोलले.

परतताना रिक्षात मी स्वतःला समजावत होतो, हा भ्रंश पहिल्याच प्रकारचा आहे. ती हळूहळू खाली जाईल, मी वरून हात देत राहीन.

घरी आल्यावर तिने शाल घडी करून ठेवली आणि माझ्यापुढे खुर्ची ओढली.

"बसा ना. आमचे हे येतीलच इतक्यात."

मी बसलो. तिने दोन कप चहा केला. एक मला दिला. दुसरा बशीने झाकून ठेवला.