ह्या फोटोला हार नको

किस्से शेणीसारखे असतात बघा. रोज एक थापायची, वाळली की ठेवायची. शेणींची हुडवी कधी रचून झाली ते थापणारणीलाही कळत नाही! डोल्माचे किस्से असेच साठले. मी सांगते, नात लिहिते.

डोल्मा दर हिवाळ्यात कोल्हापुरात स्वेटर विकायला येते, कसबा बावड्यात माझ्या मागच्या खोलीत राहते. तिचा मुलूख डोंगरापलीकडचा. नाव लिहायचं न्हाय. डोल्मा हेही खरं नाव न्हाय. उगं तिच्या भावाला त्रास! भाऊ मास्तर. पोरांना आपल्या भाषेत शिकवलं म्हणून तिथल्या सरकारनं सहा वर्षांपूर्वी उचलला. जिता हाय का न्हाय, एवढंही कुणी सांगत नव्हतं.

*

गिऱ्हाईक नसलं की ही पत्रं लिहायची.

"कुणाला गं?"

"परदेशातल्या खासदारांना, आजी. त्यांनी विचारलं की आमच्या सरकारला उत्तर द्यावं लागतं."

"अगं, गटार तुंबली तर आपला नगरसेवक फिरकत न्हाय, आणि परदेशातला खासदार तुझ्या भावासाठी धावणार व्हय?"

"शंभरातला एक वाचतो."

"मग दीडशे लिही की! दीड वाचंल!"

*

दिवाळीला घरातल्या फोटोंना झेंडूचे हार घातले. सासरे, सासूबाई, आमचे हे. शेजारीच डोल्माच्या भावाचा फोटो. कामाच्या ओघात त्यालाही घातला.

डोल्मा किंचाळली, "आजी! तुमच्यात कुणाच्या फोटोला हार घालतात, ते मला ठाऊक हाय!"

मी हार असा हिसकला, की खिळाच हातात आला.

*

एकदा मी डोल्माच्या स्टॉलवर बसले होते, तिथं तिच्या सरकारचा सुटाबुटातला माणूस आला. दोघं त्यांच्या भाषेत बोलली, मला डोल्मानं मागनं सांगितलं. तो म्हणाला, "तोंड मिटून बस, नाहीतर भावाला जड जाईल."

पोरगी पांढरी पडली, पण बोलली! "पाच वर्षं गप्प होते. तेव्हा काय हलकं गेलं त्याला?"

तो माझ्याकडं वळला. हिंदीत म्हणाला, "माताजी, हे आमच्या घरातलं भांडण आहे."

"घरातलं हाय? मग घरातल्या माणसाला दार उघडा की!"

जाता जाता त्यानं स्वेटरला हात लावला. म्हटलं, "पावणं, तुम्हाला विकायचा न्हाय!"

*

आणि यंदा माझ्या पुतण्याचं गुऱ्हाळ बघायला परदेशी खासदार आले! बरोबरच्या आपल्या सरकारी साहेबानं मला बजावलं, "आजी, पाहुण्यांना गूळ द्यायचा. राजकारण बोलायचं नाही."

"साहेब, मला कुठं इंग्लिश येतंय!"

म्हणून डोल्माला बरोबर नेली. दुभाषी!

गूळ देता देता डोल्मानं एका खासदार बाईंपुढं भावाचा फोटो धरला. "सहा वर्षं तुरुंगात आहे," एवढंच म्हणाली. बाईंचे डोळे भरले. स्वतःच्या गळ्यातला स्वागताचा हार काढून त्यांनी मानानं फोटोला घातला.

"काढ! काढ तो हार!"

मी अशी ओरडले, की रसाच्या काहिलीजवळचा गुळव्या गूळ घोटायचा थांबला. बाई घाबरल्या. साहेब आभाळाकडं बघायला लागला.

म्हटलं, "बाई, आमच्यात हार मेलेल्याच्या फोटोला. ह्यो जिता हाय का न्हाय, ते आधी त्या सरकारला इचारा. मग घाला, न्हायतर काढा!"

डोल्मानं शब्द न् शब्द सांगितला.

साहेब दातओठ खात म्हणाला, "आजी, राजकारण बोलायचं नाही म्हटलं होतं!"

"मी हाराचं बोलले!"

*

महिन्याभरानं डोल्मानं मोबाईलवर दाखवलं. त्याच बाई, त्यांच्या संसदेत उभ्या, हातात तोच फोटो. काय म्हणत होत्या ते डोल्मानं मराठीत सांगितलं: "भारतातल्या एका आजींनी विचारलंय, ह्या फोटोला हार घालायचा का नाही? उत्तर द्या."

तिच्या सरकारचं उत्तर आलं. नुसता एक फोटो. भाऊ भिंतीला टेकून उभा, डोकं भादरलेलं, हातात त्याच आठवड्याचं वर्तमानपत्र.

डोल्मानं फोटो मोठा करून बघितला. "वाळलाय, आजी."

"वाळू दे. गुळानं भरंल."

तिनं डोळे पुसले आणि नवा कागद ओढला.

"आता काय लिहितीस?"

"कधी सोडणार, ते विचारते."

मी बाजारातनं झेंडू आणला आणि ओवायला बसले. डोल्माचं पेन थांबलं.

"आजी, हार कुणाला?"

"दाराला!"