आमचं झालंय बोलून

कवळीवाल्यांकडे कामासाठी येणाऱ्या माणसाला हल्ली आधी गाणं ऐकावं लागायचं. दातांचे डॉक्टर घाईघाईत कवळी न्यायला आले तरी त्यांची सुटका नसे. कवळीवाले पॉलिशची मोटर बंद करायचे, फडक्याला हात पुसायचे, तरीही पांढरं राहिलेलं बोट टेबलावरच्या जुन्या फोनवर दाबायचे आणि म्हणायचे, "हे ऐका. आमचे चिरंजीव सध्या हे ऐकतायत."

डॉक्टर दारातच चुळबुळ करत म्हणायचे, "छान आहे."

"नुसतं छान काय? कडव्याच्या आधी क्लॅरिनेटवाला श्वास घेतो, तो ऐकलात? नाही ऐकलात. माझ्या पोराला तो लहानपणी ऐकू यायचा."

यात खोटं काही नव्हतं. मुलगा याच खोलीत वाढला. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला तो अभ्यास करायचा, दुसऱ्या टोकाला बाप मेणात दात रचत बसायचा, आणि मधे टेपरेकॉर्डर. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. बाप मधेच मान वर न करता विचारायचा, "आता काय वाजलं?" मुलगाही मान वर न करता सांगायचा, "बासरी. मागे व्हायोलिन." बरोबर आलं तर काही नाही. चुकलं तर मेण कापायच्या सुरीची मूठ टाळक्यात. कौतुक करणं कवळीवाल्यांच्या रक्तातच नव्हतं. पुढे मुलगा धंद्यात आला, बापापेक्षा त्याचा हात सफाईदार निघाला, हे कवळीवाल्यांना सगळ्यांच्या आधी कळलं आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. टेपरेकॉर्डर बिघडला तेव्हा मुलानेच आपला जुना फोन आणून स्पीकरला जोडला, त्यावर गाण्यांचं खातं उघडलं. खातं त्याच्या नावाचं, वर कोपऱ्यात त्याचाच छोटा फोटो. घर सोडून गेला तेव्हा तो फोन तिथेच टेबलावर राहिला.

तो गेला एका कवळीपायी.

कवळीचं काम असं असतं, की डॉक्टरांकडून वरच्या आणि खालच्या जबड्याचा ठसा येतो. त्यात प्लास्टर ओतून साचे करायचे आणि ते दोन साचे बिजागरीच्या यंत्रावर समोरासमोर बसवायचे, म्हणजे माणूस तोंड मिटतो तसे ते मिटतात. तिथे जरा तिरकं बसलं की पुढे दात कितीही देखणे रचा, तोंडात सगळं वाकडं. हे साचे बसवायचं काम कवळीवाले दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. त्याही वेळी त्यांनीच बसवले होते. दात रचले मुलाने. कवळी घातलेल्या आजोबांना तोंड मिटता येईना. एका बाजूचे दात टेकायचे आणि दुसऱ्या बाजूने जीभ बाहेर डोकावायची. डॉक्टर तणतणत आले, मागून आजोबा, त्यांच्या मागून त्यांची मुलगी. कवळीवाल्यांनी यंत्र उजेडात धरलं आणि पाहताक्षणी त्यांच्या लक्षात आलं, की वरचा साचा तिरका बसलाय.

त्यांनी यंत्र खाली ठेवलं आणि मुलाकडे बोट केलं. "याचे प्रताप."

मुलगा हळू आवाजात म्हणाला, "बाबा, साचा तुम्ही बसवला होता."

कवळीवाल्यांनी त्याच्या थोबाडीत दिली. मिशा फुटून वर्षं झालेल्या पोराच्या, तीन परक्या माणसांदेखत. आणि वर म्हणाले, "साचा बरोबरच बसला होता." मुलगा त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरात गेला आणि एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागला. दात त्याने पुन्हा हातात धरले नाहीत.

कवळीवाल्यांची बायको दर रविवारी त्याच्याशी फोनवर बोलायची. बोलून झालं की नवऱ्यासमोर येऊन उभी राहायची. "अहो, एकदा घ्या फोन. चुकलं म्हणा. एवढं म्हटलंत तरी त्याला पुरे आहे."

"मुलासमोर नाक घासू?"

"नाक नका घासू. नुसतं तोंड उघडा. जगाच्या तोंडांची उठाठेव करता, स्वतःचं तेवढं उघडत नाही."

हे बोलणं कवळीवाल्यांना झोंबायचं, कारण ते खरं होतं. हा माणूस चूक झाली हे जाणून होता. रात्री कूस बदलताना त्याला तो तिरका साचा दिसायचा. पण कबूल करायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. असली माणसं घराघरात असतात आणि त्यांचा ताठा मोडू नये म्हणून सगळं घर वाकून चालत असतं.

कितीतरी वर्षं त्या खोलीत गाणं वाजलं नाही. मग एका सकाळी वीज नव्हती, मोटर बंद होती, हाताला काम नव्हतं, म्हणून कवळीवाल्यांनी धूळ खात पडलेला फोन पुसला आणि वीज आल्यावर चार्जिंगला लावला. मुलाचा फोटो उगवला. खाली गाण्यांची रांग. त्यांनी पहिलंच दाबलं आणि खोलीत तो घोगऱ्या आवाजाचा गायक आला, ज्याची कॅसेट मुलाच्या लहानपणी त्यांनी झिजेपर्यंत वाजवली होती. हे गाणं आपल्याला आवडायचं, हेही ते विसरून गेले होते. मधल्या संगीतात व्हायोलिनं एकदम थांबतात आणि नुसती बासरी उरते, त्या जागी त्यांचा हात सवयीने टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळला. तिथे आता प्लास्टरची पोती होती.

म्हणजे पोरगं अजून हे ऐकतं!

दुसऱ्या दिवशी फोटोखाली त्याच गायकाचं आणखी एक गाणं आलेलं. तिसऱ्या दिवशी त्याच काळातल्या एका गायिकेचं. कवळीवाल्यांचा आनंद गगनात मावेना. त्यांच्या मनात पक्कं बसलं, की मुलगा तिकडे त्याच खात्यावर गाणी लावतोय, आपण लावलेली त्याला दिसतायत आणि तो जबाब देतोय. मग त्यांनीही विचार करून गाणी लावायला सुरुवात केली. आज एक आपल्याकडून, उद्या एक त्याच्याकडून. पावसाचं लावलं, तर दुसऱ्या दिवशी पावसाचंच दुसरं आलं. "म्हणजे तिकडेही पाऊस आहे," ते डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना कवळी हवी होती.

बायकोला मात्र त्यांनी बरेच दिवस कळू दिलं नाही. तिचा रविवारचा फोन होता ना, मग हे आपलं. पहिल्यांदाच मुलाचं काहीतरी त्यांच्या एकट्याचं होतं.

शेवटी त्यांनी हवं होतं ते गाणं शोधून काढलं. त्यात एक माणूस उशिरा घरी परततो आणि उंबऱ्यातूनच म्हणतो, की दोष माझा होता, तुम्ही उगाच सोसलंत. कवळीवाल्यांनी ते लावलं आणि तिथे उभं राहवेना म्हणून कुलूप न लावताच खाली उतरून रस्त्यावर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माफी मागितली होती. दुसऱ्या दिवशी उघडून पाहतात, तर ते गाणं सगळ्यांत वर, आणि त्याच्याखाली त्याच गायकाचं नवं, ज्यात दार उघडंच आहे, ये, असं काहीसं होतं. कवळीवाले स्टुलावर बसून लहान मुलासारखे रडले. ओठांवर प्लास्टरची चव आली तरी रडत राहिले.

घरी जाऊन बायकोला म्हणाले, "आमचं झालंय बोलून."

"कुणाचं?"

"बापलेकांचं. मी म्हणालो जे म्हणायचं ते. तो ये म्हणालाय."

"फोन कधी केलात?"

"सगळ्या गोष्टींना फोन लागत नाही."

तिचा विश्वास बसेना, आणि न ठेवायची तिची छातीही होईना. रविवारी तिने भीतभीत मुलाला सांगितलं, "बाबा तुझ्याकडे यायचं म्हणतायत." पलीकडून त्याने कधी येणार ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "येऊ दे." तिने देवाचे आभार मानले.

कवळीवाले मुलाच्या घरात शिरले ते माफी मिळालेल्या माणसाच्या थाटात. चपला काढताकाढता खिडकीचा पडदा चुकीचा लावलाय म्हणाले, खुर्ची उजेडाकडे ओढून घेतली, सुनेला ते पहिल्यांदाच पाहत होते, तिला म्हणाले, "चहा जरा कडक कर, बाळ." मुलगा भिंतीला टेकून उभा होता. इतक्या वर्षांनी बाप समोर येणार म्हणून त्याने दुकानातून रजा घेतली होती, सकाळपासून धड खाल्लं नव्हतं, आणि बाप पडद्याबद्दल बोलत होता. बरोबर आलेली आई मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. काहीतरी चुकतंय हे तिला तेव्हाच कळलं.

"काय मग," कवळीवाले चहा पुढे ओढत म्हणाले, "ते दाराचं गाणं काय शोधून काढलंस रे! मला आठवतही नव्हतं. बासरी ओळखलीस ना? तोच वाजवणारा."

"कुठलं गाणं?"

"आता कुठलं म्हणे! मी लावलं त्याच्यावर तू दिलंस ते. टेबलावरच्या तुझ्या फोनवर."

मुलाने कपाळाला आठ्या घातल्या. "बाबा, ते खातं मी घर सोडलं तेव्हाच सोडलं. त्यावर काय आहे, मला माहीत नाही."

"असं कसं? रोज नवीन येतं. तुझा फोटो आहे वर."

सून बिचारी सरळ मनाची. तिला वाटलं, सासऱ्यांना एक साधी गोष्ट कळत नाहीये, ती सांगावी. "बाबा, ते आपोआप येतं. तुम्ही एक लावलंत की तसलीच आणखी चार दाखवतं. माझ्या फोनवरही येतात. माणूस नसतं पलीकडे."

कवळीवाल्यांनी कप बशीत ठेवला, तो नीट बसला नाही, पुन्हा उचलून ठेवला. इतके महिने ते एकटेच लावत होते आणि एकटेच ऐकत होते. डॉक्टरांना सांगितलं, बायकोला सांगितलं. त्यांचे कान तापले. समोर ही कालची आलेली पोरगी उभी, आणि तिच्या तोंडून हे.

मुलगा भिंतीपासून पुढे आला आणि बापासमोर खाली बसला. त्याचा आवाज पडला होता. "तुम्ही काय लावत होतात, बाबा?"

"असंच. जुनं."

"मला काही म्हणत होतात का त्यातून?"

कवळीवाले बशीच्या कडेवरून बोट फिरवत बसले.

"मग आता म्हणा. मी आहे समोर. मला ऐकायचंय."

आई पदर तोंडाशी धरून बसली होती. दोन शब्दांचं काम होतं, आणि ते दोन शब्द या माणसाने गाण्यातून म्हटले होते, त्यापायी तो रडलाही होता. मुलगा इतका जवळ होता की त्याच्या दाढीतले पांढरे केस दिसत होते. कवळीवाल्यांचे ओठ हलले. मग त्यांची नजर सुनेकडे गेली, कपाकडे गेली, पुन्हा मुलाकडे आली, आणि सगळं अंग ताठ झालं.

"साचा बरोबरच बसला होता," ते म्हणाले.

मुलाने गुडघ्यांवर हात टेकले. मग "बरं" म्हणाला आणि उठून आत गेला. सुनेला कपबशा उचलाव्यात की नाही कळेना.

निघताना तो दारापर्यंत आला, आईच्या पाया पडला, बापाच्याही पडला, अगदी रीतीने. कवळीवाले चपला घालत जिन्याकडे तोंड करून उभे राहिले. बायकोने मुलाचा हात हातात घेतला आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी मी एकटीच येईन."